समंगेचे स्नान आणि गर्भजलपरीक्षा

महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राची कथा आईच्या उदरातच सुरू होते: पिता कहोड याच्या अध्ययनातील उणीव गर्भाने दाखवली, पित्याने रागाने शाप दिला आणि मूल आठ ठिकाणी वाकडे जन्मले. कर्मविपाक, म्हणजे पूर्वजन्मीचे पाप देहावर व्यंग होऊन उमटते हे मत, सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की इथे दोष बालकाचा नाही, शाप देणाऱ्याचा आहे. पुढे याच मुलाने जनक राजाच्या सभेत बंदी नावाच्या पंडिताला वादात हरवून, त्याच्याकडून हरल्यामुळे पाण्यात बुडवल्या गेलेल्या पित्याला सोडवले. तरीही कथा तेवढ्यावर थांबत नाही, तर पित्याच्या सांगण्यावरून तो समंगा नदीत स्नान करतो आणि त्याचे अवयव सरळ होतात. विद्वत्ता सिद्ध झाल्यावरही देह सरळ व्हावाच लागतो, हा आग्रह आज सोनोग्राफीच्या खोलीत भेटतो.

गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये, केंद्राने 1994 मध्ये केला, आणि येथे गर्भाचे लिंग सांगितले जात नाही अशी पाटी सोनोग्राफी केंद्रांत लागली. गर्भजलपरीक्षा, म्हणजे गर्भाभोवतीचे पाणी सुईने काढून त्यातील पेशी तपासणे, डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषासाठी मात्र कायद्याला मान्य आहे. आणि वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर व्यंग असल्याचे निदान केल्यास गर्भपाताच्या कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनुसार गर्भपाताला 24 आठवड्यांची मर्यादाही उरत नाही. एड्रिएन ॲश या अंध अमेरिकी विदुषीने गर्भपाताचा हक्क मान्य करूनच आक्षेप घेतला होता, की मूल हवे असलेले आईबाप एका लक्षणाची बातमी कळताच हेच मूल नको म्हणतात, तेव्हा त्या लक्षणाआड उरलेले सगळे मूल झाकले जाते.

हा आक्षेप खरा असला, तरी त्याचे ओझे गर्भवतीवर टाकणे हा अन्यायच होय. कवटी व मेंदूचा मोठा भागच न घडलेला गर्भ जन्मानंतर फार काळ जगू शकत नाही. आणि जे मूल जगते, त्याला न्हाऊ घालणे, घास भरवणे, प्रवेशासाठी शाळांचे उंबरठे झिजवणे हे बहुधा एकट्या आईच्याच वाट्याला येते, वर हे कुणाचे पाप हा प्रश्नही तिलाच ऐकावा लागतो. असा समाज भोवती असताना तिच्या संमतीला मुक्त निवड म्हणता येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. परंतु अहवाल हाती देताना असे मूल वाढवणाऱ्या एखाद्या कुटुंबाशी तिची गाठ घालून द्यावी, असे गर्भपाताच्या कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.