गिऱ्हाइकाचे दायित्व

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग घडविणारे एक कारखानदार मला एकदा म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, कायद्याच्या धाकाने माल सुधारत नाही, मोठ्या गिऱ्हाइकाने नाक मुरडले की महिन्यात सुधारतो." या व्यवहारी बोलात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. शस्त्रांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे सरकार. बंदूक चुकून उडू नये, पोराच्या हाती चालू नये, एवढ्यासाठी सरकारने आपल्या थैलीचे वजन खर्चावे काय?

अमेरिकेत हा प्रयोग झाला. 2000 साली स्मिथ अँड वेसन या कंपनीने पिस्तुलांना कुलुपे बसविण्याचा करार सरकारशी केला. अनेक नगरांनी अशा मालास खरेदीत प्राधान्य देण्याची तयारी दाखविली. परंतु खाजगी गिऱ्हाइकांनी बहिष्कार पुकारला आणि 2001 साली कंपनी विकली गेली. यावरून थैली दुर्बळ ठरते, असे नव्हे. सद्हेतूची नुसती घोषणा करून भागत नाही, त्यामागे खरेदीही चालू राहावी लागते, एवढेच ठरते.

आपल्याकडे प्रश्न अधिक अवघड आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याने शस्त्र कोणी बाळगावे हे ठरविले. पण कानपूरचा लघुशस्त्र कारखाना काय किंवा आमच्या अंबरनाथचा आयुधनिर्माणी कारखाना काय, 2021 पासून कंपन्यांच्या रूपाने चालत असले तरी मालकी सरकारचीच. दुकानदारही तोच, गिऱ्हाईकही तोच. मग दोष कोणावर ढकलावा?

पोलीस म्हणेल, ऐन वेळी कळ अडली तर प्राण माझा जाईल. ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच कसोटी प्रथम सरकारी शस्त्रागारातच व्हावी. जो धोका आपल्या कमरेला नको, तो नागरिकाने पत्करावा असे सांगण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

कुलुपाची मर्यादाही ओळखली पाहिजे. 2 फेब्रुवारी 2024 रोजी उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातच गोळीबार झाला आणि एका आमदारास अटक झाली. धन्याच्याच हाती चालणारी बंदूकही धन्याचा राग आवरू शकत नाही; हेतूला कुलूप नसते. परंतु विसरभोळेपणाला असते. पित्याच्या क्षणभराच्या विसराची शिक्षा लेकराने प्राणाने भोगू नये, एवढे तरी थैलीला साधता येईल. आणि जे साधता येते ते न करणारे गिऱ्हाईक त्या अपघाताचे भागीदार होय.