हप्ता आणि कबुली

डॉक्टरच्या हातून चूक झाली आणि भरपाई विमा कंपनीने भरली, तर ती चूक शेवटी कोणाच्या नावावर राहते? ज्याचे कर्म त्यालाच भोगावे लागते असे मानणाऱ्या समाजाने हा प्रश्न नुसता वकिलांवर सोडू नये. नांदेडची डॉक्टर लेन घ्या की लातूरचा औसा रोड, खासगी दवाखाना चालवणाऱ्याला ‘इन्डेम्निटी’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. उपचारातल्या चुकीची भरपाई देणारी ही विमा पॉलिसी केंद्रीय कायद्याने सक्तीची केलेली नाही, तरी डॉक्टर ती काढतात. फिजिशियनला हप्ता कमी बसतो. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांना जास्त. एका दाव्याची मर्यादा वेगळी, वर्षभराची वेगळी, आणि हप्त्यावर १८ टक्के जीएसटी. हा खर्च पुढे रुग्णाच्या बिलात उतरतो, हेही उघड आहे.

पैसे भरून पाप दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचा हा प्रकार आहे, असा एक आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतला मांडीचे हाड मोडलेल्या वीस वर्षांच्या तरुणाला उपचारासाठी पुण्याला नेले. भूल न देता जोर लावून हाड बसवले गेले आणि तो दगावला. वडिलांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ मध्ये लागला आणि भरपाई कायम झाली ती ३,००० रुपये. पंधरा वर्षे! आज रकमा कोटींत जातात. कोलकात्याच्या कुणाल साहा प्रकरणात २०१३ मध्ये जवळपास सहा कोटींची भरपाई ठरली. एवढे पैसे जिल्ह्याच्या ठिकाणचा डॉक्टर घर विकूनही उभे करू शकणार नाही. म्हणजे पॉलिसी डॉक्टरला वाचवते हे खरे, पण पीडित कुटुंबाच्या हाती प्रत्यक्ष काही पडण्याची हमीही तीच देते. रस्त्यावर गाडी काढणाऱ्याला थर्ड पार्टी विमा सक्तीचा असेल, तर पोट उघडणाऱ्याला का नसावा? द्रव्याचे ऋण दुसऱ्याने फेडले म्हणून धर्म बुडत नाही. मुलगा बापाचे कर्ज फेडतोच.

खरी अडचण पॉलिसीच्या अटींमध्ये आहे. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक मान्य करायची नाही, भरपाई देऊ करायची नाही, तसे वचनही द्यायचे नाही, ही अशा पॉलिसींतली नेहमीची अट. हप्त्याच्या बदल्यात कंपनी डॉक्टरचे ओझे उचलते आणि त्याचे तोंड बंद करते. पैसे दुसरा भरू शकतो, कबुली दुसरा देऊ शकत नाही. प्रायश्चित्ताच्या प्रत्येक परंपरेला हे ठाऊक आहे. कौटिल्याने तर वैद्याचे दोन अपराध वेगवेगळे मोजले: जिवावरचे दुखणे न कळवता उपचार केले आणि रोगी गेला तर एक दंड, उपचारच चुकले तर त्याहून मोठा. न सांगणे हा त्याच्या लेखी स्वतंत्र गुन्हा होता. नांदेडमध्ये तर यासाठी ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, हजूर साहिब, इथेच आहे. शीख परंपरेत चुकलेला माणूस संगतीपुढे उभा राहून चूक कबूल करतो आणि मग त्याला तनखाह, म्हणजे जोडे पुसण्याची, भांडी घासण्याची सेवा सांगितली जाते. आधी कबुली, मग सेवा, आणि त्यानंतर तो पुन्हा संगतीतला.

याच नांदेडमध्ये २०२३ च्या ऑक्टोबरात याचे विडंबन घडले. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. त्यानंतर हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यासमोर स्वच्छतागृह धुवायला लावले. पुढे खासदारांवर गुन्हाही दाखल झाला. अधिष्ठात्यांची चौकशी नाही, त्यांचे ऐकून घेणे नाही, थेट शिक्षा. हातात झाडू देणे सोपे असते; औषधे, मनुष्यबळ, खाटा यांचा हिशेब कोण देणार, हा प्रश्न त्या चित्रफितीत कुठेच नव्हता. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालानुसार, जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालये ग्राहक कायद्याबाहेर राहतात. म्हणजे ज्याच्याकडे फीचे पैसे आहेत त्याला ग्राहक आयोगाचे दार उघडे, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला अशा मोफत रुग्णालयात आयोगही नाही, कबुलीही नाही.

यावर डॉक्टर म्हणतील, चूक मान्य केली की जमाव दवाखाना फोडेल आणि वकील तेच वाक्य न्यायालयात वाचून दाखवेल. भीती खोटी नाही. डॉक्टरांवरील हल्ल्यांसाठी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा कायदा महाराष्ट्राला २०१० मध्ये करावा लागला तो उगाच नाही. पण नातेवाईक बहुतेकदा कशाने पेटतात? बंद दरवाजाने, आणि ‘साहेब ऑपरेशनमध्ये आहेत’ या उत्तराने. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून चूक स्वतःहून सांगण्याची आणि भरपाई देऊ करण्याची पद्धत आणली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दावे आणि खटले दोन्ही घटल्याचे दिसले. एका संस्थेचा अनुभव सगळीकडे लागू होईल असे नाही. नुसते ‘माफीला संरक्षण’ देणारे कायदे अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आहेत, त्यांनी खटले कमी झाले असे ठामपणे म्हणता येत नाही. मला वाटते, याचे कारण असे की त्यांतले पुष्कळसे कायदे हळहळीला संरक्षण देतात, चुकीच्या कबुलीला देत नाहीत. ‘वाईट वाटले’ आणि ‘माझे चुकले’ यांतला फरक मेलेल्याच्या आईला लगेच कळतो.

म्हणून मागणी दुहेरी हवी. पॉलिसी सक्तीची करावी, सरकारी डॉक्टरांसाठी तिचा हप्ता सरकारने भरावा आणि मोफत उपचार घेणाऱ्यालाही तिच्यातून भरपाई मागता यावी. त्याच वेळी, काय घडले हे डॉक्टरने कुटुंबाला सांगितले म्हणून दावा नाकारता येणार नाही, असे विमा नियामकाने कंपन्यांना बजावावे. कंपन्या म्हणतील, हप्ता वाढेल. वाढू द्या, तो रुग्णाच्या बिलात येईल. न बोलण्याची किंमत आज त्याच रुग्णाचे घर मोजते, आणि तिची पावती कोणी देत नाही.