बंद पंपाची वही

अंधेरी पूर्वेच्या एका पॅरिशमध्ये उपवासकाळात जमलेली वर्गणी दूरच्या मिशनला पाठवायची जुनी रीत होती. एका वर्षी एका सधन कुटुंबाने त्यात मोठी भर घातली. आफ्रिकेत कुठंतरी बोअरवेल खोदा आणि आमच्या आजोबांच्या नावाची पाटी लावा, एवढंच त्यांचं म्हणणं. कमिटीने ठरवलं, आधी माणसं पाठवून गरज काय ते पाहू. ‘आरेतल्या पाड्यांची गरज बघायला व्हिसा लागत नाही,’ असं मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं. ते इतिवृत्तात आलं नाही.

तरुण फादर, शाळेतून निवृत्त झालेल्या टीचर आणि हिशेबाला एक सीए, असे तिघं ठरले. चौथे फिटर अंकल. मरोळच्या एमआयडीसीत त्यांचा जन्म गेला होता. त्यांचं इंग्रजी बेताचं, म्हणून त्यांना न्यावं की नाही यावर बरीच घासाघीस झाली. टीचर अडून बसल्या म्हणून घेतलं. पीतज्वराची लस टोचून चौघं युगांडाला निघाले.

उत्तरेकडे, गुलू शहरापासून बऱ्याच अंतरावर एक गाव. युद्धाच्या काळात इथले लोक वर्षानुवर्षं छावण्यांत राहिले होते. शांतता आल्यावर परतून त्यांनी घरं पुन्हा उभी केली होती. आंब्याखाली खुर्च्या मांडल्या गेल्या. फादरनी छापील फॉर्म काढला. पाणी आहे का? बायका म्हणाल्या, नाही. पिवळे कॅन घेऊन ओढ्यावर जावं लागतं. नवी बोअरवेल हवी का? हवी. (नको कोण म्हणेल?) सीएंनी आकडा मांडला, टीचरनी पाटीसाठी चौथऱ्याची जागा सुद्धा हेरली. तासाभरात गरज ठरली.

अंकल मात्र त्या खुर्च्यांवर नव्हतेच. शाळेमागच्या गवतात त्यांना एक बंद हातपंप दिसला होता. दांडा दोनदा मारून, पाइपाला कान लावून त्यांनी ऐकलं. मग पिशवीतून पाना काढून पेटीचं झाकण उघडलं आणि आत बोट फिरवलं. साखळीला ग्रीस होतं. काळं पडलेलं, धूळ खाल्लेलं जुनं ग्रीस नव्हे. ताजं, पिवळसर, बोटाला चिकटणारं.

‘पाणी येत नाही, मग ग्रीस कोण लावतं?’ त्यांनी विचारलं. गावातल्या धर्मशिक्षकाने ते तिथल्या भाषेत सांगितलं. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एक वयस्क बाई घरी जाऊन वही घेऊन आली.

वहीत घराघराची नावं, पुढे दर महिन्याचे शिलिंग. पंप बंद पडल्यावरही वर्गणी थांबली नव्हती. जमिनीखालचे लोखंडी पाइप गंजून त्यांना भोकं पडली होती, त्यामुळे पाणी वर येता येता परत खाली गळायचं. मेकॅनिक शेजारच्या गावातच होता. पैसे मात्र सगळ्या पाइपांना पुरत नव्हते. तोवर वरचा भाग तरी जाम होऊ नये म्हणून बाई ग्रीस लावत होत्या.

‘मग मघाशी हे का नाही सांगितलंत?’ टीचर जरा रागानेच म्हणाल्या.

‘आधीही लोक कागद घेऊन आले होते,’ बाई म्हणाल्या. ‘जुन्याचं नाव काढलं की ते पुढच्या गावाला जातात.’

अंकलनी हा पंप लगेच ओळखला होता. ७२च्या दुष्काळात पोरसवदा असताना ते जालन्याकडे बोअरच्या गाडीवर हेल्पर होते. तेव्हा गावोगाव बिडाचे पंप होते, परदेशात एका कुटुंबाच्या अंगणासाठी केलेल्या नमुन्याचे. जालन्याकडे अख्खं गाव दिवसभर दांडा मारणार. ते टिकणार कसे? जालना आणि सोलापूरकडच्या मिशनच्या कारागिरांनी पोलादाचा, साधा, दणकट पंप घडवला. त्याच धाग्यावर सत्तरच्या दशकात युनिसेफच्या साथीने इंडिया मार्क टू तयार झाला आणि पुढे आफ्रिकेत पोचला. युगांडात त्याला यू-टू म्हणतात. ‘म्हणजे मिशनने पंप आधीच दिलाय,’ अंकल म्हणाले. ‘आता पाइप द्या. स्टेनलेसचे द्या, हे पाणी लोखंड खातं.’

सीए हिशेबाला बसले. पाइप, वायसरचे जादा जोड, मेकॅनिकच्या भाचीला काम शिकायचं होतं म्हणून तिच्यासाठी पान्यांचा एक संच. सगळं मिळून नव्या बोअरच्या खर्चाच्या जवळपासही जाईना. सगळं आम्हीच देतो, असं फादर म्हणाले. बाईंनी वही मिटली. आधी वहीतले पैसे लावायचे, कमी पडतील तेवढेच तुमचे. ‘सगळं फुकट आलं तर पुढच्या महिन्यात मला शिलिंग कोण देईल?’ सीएंना हे पटायला थोडा वेळ लागला, पण पटलं.

अंधेरीला परतल्यावर सभा झाली. कुटुंबातल्या थोरल्यांनी विचारलं, पाटी कुठे लागणार? फादर घुटमळले. अंकल म्हणाले, ‘पाइप जमिनीखाली असतात हो.’ त्यावर कुटुंबाने निम्मी रक्कम परत मागितली. ती लगेच देऊन टाकली; कामाला तेवढी लागतच नव्हती.