उसना आवाज

नांदेडच्या स्टेशनात देवगिरी एक्स्प्रेस दोन्हीकडून येते. एक मुंबईला जाते, दुसरी सिकंदराबादला. नट व्हायचं वेड डोक्यात घेतलेलं मराठवाड्यातलं पोरगं पूर्वी विचार न करता मुंबईची गाडी धरायचं. ‘बाहुबली’नंतर त्याला दुसरी गाडीही दिसू लागली आहे. हैदराबाद जवळ आहे, तिथली खोली मुंबईपेक्षा स्वस्त आहे, शिवाय १९५६पर्यंत ती आपलीही राजधानी होती. आजोबा उस्मानियात शिकले, मग नातवाने तिथे नशीब काढलं तर बिघडलं कुठे?

बिघडत काहीच नाही. पण तिथे काय विकलं जातं, हे त्याला कुणीतरी नीट सांगायला हवं.

तो उतरतो कृष्णानगरात. फिल्मनगर आणि अन्नपूर्णा स्टुडिओ तिथून जवळच. अक्किनेनी नागेश्वर राव यांचा हा स्टुडिओ १९७६ साली उघडला, तेव्हा तेलुगू चित्रपटांचं बस्तान अजून मद्रासलाच होतं. कृष्णानगरच्या गल्ल्यांतून चार-पाच जणांत एक खोली घेऊन राहणारी मुलं सकाळी चहाच्या टपरीशी उभी असतात, आज गर्दीसाठी किती माणसं हवीत याची वाट पाहत. लग्नाच्या मांडवात पाहुणे, मोर्चात कार्यकर्ते, नायकाच्या मागे धावणारे गुंड. यातल्या कुणालाही वाक्य नसतं.

आपल्या पोराची खरी अडचण इथेच आहे. ‘भाषेचं काय एवढं, डबिंग करतात की,’ असं त्याला गावात सांगितलेलं असतं. ते खोटं नाही. तेलुगू सेटवर प्रॉम्प्टिंगची जुनी पद्धत आहे: कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून सहायक मोठ्याने वाक्य सांगतो, नट ते ऐकून ओठ हलवतो, नंतर डबिंग थिएटरात दुसरंच कुणी बोलतं. ‘सीता रामम्’मध्ये आपल्या धुळ्याच्या मृणाल ठाकूरला चिन्मयी श्रीपादाचा आवाज आहे आणि लोकांनी ती सीता मनापासून स्वीकारली. पण मृणाल तिथे पोचली ती मालिका आणि हिंदी चित्रपट गाठीशी बांधून. नायिकेसाठी आवाज उसना आणतात. पोस्टमनच्या दीड वाक्यासाठी कोण आणेल? ते वाक्य तेलुगू येणाऱ्या पोराला मिळतं. आपला पोरगा पाच वर्षांनंतरही मांडवातला पाहुणाच राहतो. त्याच्यात गुण नाहीत म्हणून नव्हे. गुण दाखवायला लागणारी जीभच त्याच्याकडे नसते.

मला वाटतं, नटाचं निम्मं अंग त्याच्या भाषेत असतं. कुठे थांबायचं, कुठला शब्द गिळायचा, हे बोलता बोलताच कळतं. ते ज्याला कळलं, तो दुसरी भाषाही पकडतो. साताऱ्याजवळच्या वेळेकामथीच्या सयाजी शिंद्यांकडे पाहा. पाटबंधारे खात्यात वॉचमनची नोकरी, मग मराठी रंगभूमीवर वर्षानुवर्षं घासलेला आवाज, मग १९९९चा ‘शूल’. पुढच्याच वर्षी तमिळमध्ये थेट सुब्रह्मण्य भारतींची भूमिका. तेलुगूत गेल्यावर त्यांनी ती भाषा शिकून घेतली आणि स्वतःच्या आवाजात बोलू लागले. त्या तेलुगूला मराठी हेल आहे, आणि तिकडच्या प्रेक्षकाला तो हेल आवडतो.

म्हणून जायचंच असेल त्याला माझं मनापासून सांगणं आहे: नांदेडला, लातूरला, परभणीला राज्य नाट्यस्पर्धेत उभा राहा, आपल्या भाषेत आधी पडून-धडपडून घे. तेलुगू अक्षरं इथेच गिरवायला लाग. देगलूर-बिलोलीकडे ती बोलणारी घरं शेजारीच आहेत. घरच्यांनी ‘वर्षभरात काय ते दाखव’ अशी मुदत घालू नये. हे काम वर्षाच्या हिशेबाचं नाही. सयाजी शिंद्यांचा तेलुगू ‘टागोर’ २००३मध्ये आला, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते.