बाशिंग आणि खांदा : प्राण्यांच्या कल्पित चरित्रांविषयी

प्राण्याला माणसाचा पोशाख चढवून त्याचे व्यक्तिचित्र रंगवावे आणि चित्रासोबत त्याचा कल्पित जीवनवृत्तांत जोडावा, हा प्रकार वरवर निरुपद्रवी वाटतो. छातीवर पदके लावलेला कुत्रा निवृत्त सेनाधिकारी ठरतो, झालरीची टोपी घातलेली मांजर कर्जबाजारी सरदारीण ठरते. फ्रान्समध्ये ग्रांव्हिलने १८४० ते १८४२ या काळात प्राण्यांच्या 'खाजगी व सार्वजनिक जीवना'ची चित्रे काढली. अमेरिकेत कूलिजने १९०३ पासून एका जाहिरात-कंपनीसाठी पत्ते खेळणारे कुत्रे रंगविले. पाहणारा हसतो आणि पुढे जातो. परंतु चरित्र या प्रकारात एक ग्वाही गृहीत असते : हे आयुष्य याच जिवाचे होते, दुसऱ्या कोणाचे नव्हे. जो जीव स्वतःचे चरित्र सांगू शकत नाही, त्याच्या नावे ते रचण्याचा अधिकार कोणत्या अटीवर प्राप्त होतो, हा प्रश्न नैतिक आहे, तसाच तो वाङ्मयीनही आहे.

भारतीय साहित्यविचारात या प्रश्नाची दोन टोके फार पूर्वीच निश्चित झालेली आहेत. अन्योक्तीत बोलणे हंसाविषयी वा सिंहाविषयी असते, रोख मात्र माणसावर असतो. स्वभावोक्तीत प्राण्याचे रूप आणि क्रिया जशा आहेत तशा शब्दांत आणावयाच्या असतात. दंडीने स्वभावोक्तीला अलंकारांत आद्य स्थान दिले. कुंतकाने तिचे अलंकारत्वच नाकारले. स्वभाव हाच जर अलंकार्य असेल, तर अलंकार म्हणून वेगळे काय उरते, हा त्याचा आक्षेप होता. हा वाद केवळ वर्गीकरणाचा नाही. प्राणी जसा आहे तसा सांगणे ही स्वतंत्र वाङ्मयीन कृती आहे काय, हा त्यातला खरा मुद्दा आहे. पोशाखी व्यक्तिचित्र हे स्वभावोक्तीच्या चौकटीत बसविलेली अन्योक्ती असते. चेहरा प्राण्याचा, तोही केसाकेसानिशी हुबेहूब. चरित्र मात्र सर्वस्वी माणसाचे.

यावर एक सोपा उपाय सुचविला जातो : कल्पितच टाळावे, निरीक्षण तेवढे प्रामाणिक मानावे. हा उपाय टिकत नाही. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा (राज्यकाल १५८०-१६२७) आतशखान हा आवडता हत्ती. सुलतानाच्या 'किताब-ए-नौरस'मध्ये तो आहे आणि दरबारी चित्रांतही आहे. आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या नळदुर्ग किल्ल्यात पाणीमहाल बांधला गेला तो याच सुलतानाच्या काळात. हत्तीला 'खान' म्हणणे हे उघड कल्पित आहे. तरीही त्या कल्पिताने हत्ती झाकला जात नाही, कारण ते नाव एका विशिष्ट हत्तीला चिकटलेले आहे. कसोटी येथे सापडते. चित्रातील प्राण्याच्या जागी दुसरा प्राणी ठेवला तर काय बिघडते? कूलिजच्या टेबलाभोवती कुत्र्यांऐवजी बोकड बसविले तरी विनोद बहुतांशी शाबूत राहतो. आतशखानाची जागा मात्र दुसऱ्या हत्तीला घेता येत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' (१९८२) ही कादंबरिका याच कसोटीवर अधिक गुंतागुंतीची ठरते. वानरांच्या टोळीतील सत्ताबदल हा तिचा विषय. तिच्यातील वानरांना नावे आहेत, गतकाल आहे, वैर आहे. म्हणजे कल्पित चरित्र आहेच. शीर्षक राजकीय असल्याने वाचक तिच्याकडे अन्योक्ती म्हणून वळतो. परंतु नव्या नराने टोळीतील पिल्ले मारणे हा भाग त्या वाचनाला पुरता वश होत नाही. धारवाडजवळच्या वानरांत सुगियामा यांनी १९६०च्या दशकात हे वर्तन नोंदविले होते. त्याला क्रौर्य म्हणावे तर शब्द अपुरा पडतो, न म्हणावे तर मन मानत नाही. प्राण्याने आपल्यावर रचलेल्या कथेला दिलेला हा नकार आहे, आणि लेखकाने तो कथेतून वगळलेला नाही. १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कृतीचे नैतिक सामर्थ्य या न वगळण्यात आहे.

हा भेद केवळ ग्रंथांपुरता नाही. धाराशिव जिल्ह्यातील वाशीच्या परिसरात, मराठवाड्यात अन्यत्र होतो तसाच, श्रावण अमावास्येला पोळा होतो. बैलाची शिंगे रंगतात, अंगावर ठिपके उठतात, पाठीवर झूल आणि कपाळावर बाशिंग चढते. जिवंत देहावर काढलेले हे व्यक्तिचित्रच आहे आणि त्याचा नायक नवरदेव आहे. हा नवरदेव मात्र खच्ची केलेला असतो. ज्याच्यापासून जे हिरावून घेतले, त्याचेच चिन्ह त्याच्या कपाळी बांधले जाते. शिवाय बाशिंग कोणत्याही बैलाला बसते. सर्जा आणि राजा ही नावेदेखील बैल दावणीला येण्यापूर्वीच तयार असतात.

तथापि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण होते. जुवाने घट्टा पडलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळले जाते. हा घट्टा त्याच बैलाचा असतो. त्याच्या वर्षांची आणि नांगरटीची ती एकमेव खरी नोंद होय. येथे कल्पित काहीच नाही, आणि तरीही हे केवळ निरीक्षण नव्हे. ही ऋणाची कबुली आहे. आता बैलाच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्लाही असतो. तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा नसतो, परंतु त्याला गतकाल नाही. त्यामुळे कल्पित काढून टाकले की न्याय होतो, हेही खरे ठरत नाही.

दुष्काळात चारा संपला की दावणीचा बैल विकला जातो. नाव त्याला वाचवीत नाही, बाशिंगही नाही. म्हणून प्राण्याच्या चरित्राचे मूल्य त्यातील मायेच्या मात्रेवरून ठरविता येणार नाही. ते चरित्र बाशिंगाच्या बाजूचे आहे की खांद्याच्या, एवढेच विचारावे लागते. खांद्याच्या बाजूचे असेल, तर बैल विकणाऱ्यालाही आपण कोणाला विकले हे स्वतःशी नाकारता येत नाही.