लेकराचे ताट हीही अमानत



गुबगुबीत लेकरू पाहून आपण कौतुकाने ‘माशाअल्लाह’ म्हणतो. तेच लेकरू नवव्या वर्षी जिना चढताना धापा टाकते, तेव्हा ‘वाढत्या वयात उतरेल’ अशी समजूत घालून घेतो. पुष्कळदा ते उतरत नाही; पुढे मधुमेह आणि रक्तदाब मागे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०२२ मध्ये ५ ते १९ वयाची ३९ कोटींहून अधिक मुले अतिरिक्त वजनाची होती.

खाण्यापिण्याची मुभा आणि अतिरेकाची मनाई सूरह अल-आराफच्या एकाच आयतीत आली आहे. पोटाचा एक तृतीयांश भाग अन्नासाठी, ही हदीसही आपण ऐकलेली असते. पण मुलाला ती शिकवायची कोठे? उमर बिन अबी सलमा (रजि.) लहानपणी प्रेषितांच्या (स.) छत्राखाली वाढत होते. जेवताना त्यांचा हात भांड्यात सगळीकडे फिरे. प्रेषितांनी (स.) तिथेच त्यांना बिस्मिल्लाह म्हणून, उजव्या हाताने, आपल्या समोरचे खाण्यास सांगितले. पुढे ते तसेच जेवत राहिले.

आपले मूल मात्र मोबाइल पाहत एकटेच जेवते. पोट भरल्याचे त्याला उमगतच नाही. रडू आवरायला आपण जी थंडपेयाची बाटली हाती देतो, तिच्या ३०० मिलिलिटरमध्ये सुमारे आठ चमचे साखर असते! (नानी-दादींचे लाड तर वेगळेच.)

तेव्हा दस्तरखानावर मुलाला जवळ घेऊन बसा. तो ‘बस’ म्हणाला की आणखी एक घास भरवू नका. शाळा, शिकवणी आणि मक्तब यांतून रोज तासभर खेळ राखून ठेवा. वजन वाढलेच असेल, तर उपाशी ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि घरात कोणालाही त्याला ‘जाड्या’ म्हणू देऊ नका. सूरह अल-हुजुरातमधील टवाळीची मनाई लेकरांनाही लागू आहे.