सरळपणाचें माप

निकोला आंद्री या फ्रेंच वैद्यानें 1741 सालीं, आपल्या उतारवयांत, एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यासाठीं ‘ऑर्थोपेडी’ हा नवा शब्द घडविला. ‘सरळ’ व ‘बालक’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. मुलांच्या शरीरांतील व्यंगें कशीं टाळावीं व कशीं सुधारावीं हा त्या ग्रंथाचा विषय. त्यांत एक चित्र आहे: वाकड्या खोडाचें एक झाड सरळ खुंटाला दोरानें बांधलेलें आहे. हाडांच्या वैद्यांनीं पुढें हेंच चित्र आपल्या विद्येचें बोधचिन्ह म्हणून पत्करलें. चित्र अर्थपूर्ण आहे. परंतु त्याकडे जरा वेळ पाहिलें म्हणजे मनांत एक शंका उभी राहते. झाड वाकडें ठरलें तें खुंटाच्या मापानें. मग खुंट कसा व कोठें रोवावा हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? माळ्याचा, कीं ज्या जमिनींत त्या झाडाला जन्म काढावयाचा आहे त्या जमिनीचा?

शंका वैद्यकांतून निघाली असली तरी ती मूलतः नीतीची आहे, आणि तीवर दोन पक्ष संभवतात. पहिला पक्ष म्हणतो कीं, हाडाला देश नाहीं आणि जात नाहीं. मांडीचें हाड लंडनमध्यें मोडो कीं मेळघाटांत मोडो, तें जुळण्याचे नियम एकच. मग उपचारांत भेद कां असावा? श्रीमंताला उत्तम उपचार आणि गरिबाला मात्र ‘परिस्थित्यनुरूप’ उपचार, ही विषमताच होय. तिला शहाणपणाचें नांव देऊं नये. दुसरा पक्ष म्हणतो कीं, हाड एकटें रुग्णालयांत येत नाहीं. त्याच्याबरोबर एक माणूस येतो. त्याला परत जावयाचें असतें तें शेताच्या बांधावर किंवा चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. ती जागा न पाहतां केलेला उपचार शास्त्रोक्त असूनहि निरुपयोगी ठरूं शकतो.

दुसऱ्या पक्षाच्या बाजूनें जयपूरचें उदाहरण मोठें बोलकें आहे. तेथील सवाई मानसिंह रुग्णालयांत डॉ. प्रमोद करण सेठी हे पाय गमावलेल्या रोग्यांवर उपचार करीत. त्या काळचा पाश्चात्य धाटणीचा कृत्रिम पाय मजबूत होता, परंतु तो बुटासाठीं घडविलेला होता व त्याचा घोटा लवत नसे. ज्याला अनवाणी चालावयाचें, मांडी घालून जेवावयाचें, उकिडवें बसावयाचें आणि पाण्यानें भरलेल्या शेतांत उतरावयाचें, त्यानें त्या पायाचें काय करावें? कित्येक रोगी तो टाकून पुन्हां कुबड्या घेत. अखेर 1968 च्या सुमारास सेठी यांनीं रामचंद्र शर्मा या अल्पशिक्षित परंतु कुशल कारागिराच्या साह्यानें रबर व लांकूड यांचा नवा पाय तयार केला. तो सर्व बाजूंना लवे, पाण्याला भीत नसे आणि त्याला बुटाची गरज नसे. जुन्या पायाच्या शास्त्रांत चूक नव्हती; चूक हेतूच्या कल्पनेंत होती. पाय चालण्यासाठींच असतो असें मानणाऱ्यानें तो घडविला होता. आपल्या देशांत पाय बसण्यासाठींहि असतो.

परंतु एवढ्यावरून पहिल्या पक्षाला निरुत्तर समजणें घाईचें होईल. आपल्याकडे हाडवैद्याकडे जाणारे लोक आजहि थोडे नाहींत. तो जवळ असतो, रोग्याच्या भाषेंत बोलतो, पैशांसाठीं अडवीत नाहीं. हे गुण खरे आहेत, आणि मोठ्या रुग्णालयांनीं ते उचलण्याजोगे आहेत. पण बांबूच्या कामट्या कोणी आंवळून बांधल्या म्हणजे आंत सूज चढते, रक्ताचा प्रवाह अडतो, आणि जो हात जुळावयाचा तो कापावा लागतो. घट्ट बंधनानें स्नायू मरून हात कायमचा आखडतो, हें 1881 सालीं फोल्कमान या जर्मन शस्त्रवैद्यानें दाखवून दिलें. सुश्रुतसंहितेच्या भग्नचिकित्सेंत तर यासंबंधीं स्पष्ट इशारा आहे: बंध सैल राहिल्यास सांधा स्थिर होत नाहीं, फार घट्ट झाल्यास सूज व वेदना होतात. आणि त्याच ठिकाणीं बंध बदलण्याचे दिवस ऋतूप्रमाणें निरनिराळे सांगितले आहेत: थंडींत सात, समशीतोष्ण काळांत पांच, उन्हाळ्यांत तीन.

या दोन सूचना शेजारींशेजारीं आहेत, आणि मला वाटतें कीं आपल्या वादाचा निर्णय त्यांतच आहे. बंध किती आंवळावा याची मर्यादा रक्ताच्या गतीनें घातलेली आहे. ती कोणाच्याहि गरिबीसाठीं हलत नाहीं. बंध केव्हां बदलावा हें मात्र ऋतु पाहून ठरवावयाचें. परिस्थितीनें उपचाराची रीत बदलावी. परिस्थितीच्या नांवाखालीं त्याचा कस उतरूं नये.

कस आणि किंमत या मात्र एकच गोष्टी नव्हेत. जन्मतः आंत वळलेलें पाऊल सरळ करण्याची इग्नासिओ पोन्सेटी यांची पद्धति अमेरिकेंतील आयोवा येथें 1950 च्या आसपास आकारास आली. दर आठवड्यास पाऊल हातानें हळूहळू वळवून नवें प्लास्टर घालावयाचें, अशीं पांच-सहा प्लास्टरें, आणि बहुधा टांचेमागील कंडरेला एक बारीक छेद. एवढाच तिचा खटाटोप. मोठ्या शस्त्रक्रियांचा अभिमान बाळगणाऱ्या वैद्यकानें तिची कित्येक दशकें उपेक्षा केली. आज ती श्रीमंत देशांतहि सर्वमान्य आहे, आणि युगांडासारख्या देशांत डॉक्टर नसलेले प्रशिक्षित आरोग्यसेवकहि ती यशस्वीपणें वापरतात. मात्र पुढें मूल चार वर्षांचें होईपर्यंत रात्रीं त्याला दांडीला जोडलेले बूट घालावे लागतात. तें काम आईबापांचें. त्यांच्या घराची चौकशी न करणाऱ्या वैद्याचा उपचार तेथेंच फसतो.

हा प्रश्न केवळ गरिबांचा आहे अशी समजूत करून घेण्याचें आपणां सुशिक्षितांना कारण नाहीं. घरांतील वृद्ध आई न्हाणीघरांत घसरते आणि खुब्याचें हाड मोडतें. लगेच मंडळी म्हणूं लागतात, “आतां या वयांत शस्त्रक्रिया कशाला?” वाक्य दयेचें दिसतें. परंतु शस्त्रक्रियेवांचून तिला बहुधा अंथरुणास खिळावें लागतें. पाठीला व्रण पडतात, छातींत कफ सांठतो. म्हणूनच, प्रकृति झेपत असेल तर, एकदोन दिवसांतच शस्त्रक्रिया करावी असें तज्ज्ञ सांगतात. तिला लवकर उठवून बसवावें हा त्यांतील मुख्य हेतु. कांहीं प्रसंगीं प्रकृतीच आड येते, कांहीं प्रसंगीं रोगी स्वतःच पुरे म्हणतो, आणि तेथें थांबणेंच योग्य. पण वय हें खरें कारण कीं आपली सोय, एवढें तरी प्रामाणिकपणें तपासलें पाहिजे. उलट, मुलांच्या मनाचें समाधान व्हावें म्हणून तिच्यावर शस्त्रक्रिया लादणें हाहि त्याच दोषाचा दुसरा प्रकार.

‘परिस्थिति’ हा शब्द कोण उच्चारतो यावर त्याचा अर्थ पुष्कळ अंशीं अवलंबून असतो. रोग्यानें उच्चारला तर ती वैद्याला दिलेली माहिती असते. देणाऱ्यानें उच्चारला तर ती बहुतेक वेळां सबब असते. म्हणून खुंट रोवण्यापूर्वीं झाडाला विचारावें, हाच नियम बरा. त्या वृद्धेला विचारलें तर ती कदाचित् इतकेंच सांगेल कीं, रात्रीं कोणाला न उठवितां न्हाणीघरापर्यंत जातां यावें. हें माप लहान दिसतें. पण तें तिचें आहे, आणि वैद्याचें कौशल्य व मुलांचें कर्तव्य यांची परीक्षा त्याच मापानें व्हावयाची आहे.